ओल्या वाळूचा उतारा

आधी आजची स्थिती सांगते, म्हणजे वाचताना उगाच धाकधूक नको. मी चालते. दिवसाला चार-पाच किलोमीटर चालते, जिना चढते, मशीनवर बसते, आणि भांडायचं असेल तर उभी राहूनच भांडते. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, पण त्यांना मी फार भाव देत नाही. लिहायला बसले त्याचं कारण असं की आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या भावाला हाच आजार झाला आणि त्या मला विचारायला आल्या, "वैनी, पुन्ना चालाय येतंय का ओ?" येतं. पण कसं येतं, ते दारात उभं राहून सांगता येत नाही.

मी सोलापूरच्या भवानी पेठेत राहते. टॉवेलच्या कडा शिवून देते. घरात तीन मशीन आहेत आणि माझ्याबरोबर दोघी जणी काम करतात. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. त्यांचं नाव महादेव. घरात मी 'अहो' म्हणते, पण इथे ओळीओळीला 'आमचे हे' लिहीत बसले तर पानं संपतील, तेव्हा महादेवच लिहिते. रागावले तर बघून घेऊ. मुलगी ऋतुजा बार्शीला हॉस्टेलवर राहून कॉलेज करते.

एक चप्पल

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले होते. तळपायांना मुंग्या येत होत्या. मशीनवर बसणाऱ्या बाईला मुंग्यांचं काय कौतुक? तिसऱ्या दिवशी भाजी घेऊन घरी आले, तर शेजारच्या लक्ष्मीअक्का दारात बसल्या होत्या. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या, आमची वीस वर्षांची सोबत. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एक चप्पल कुटं विकून आलीस?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली, पत्ता नाही. अर्धी पेठ मी एका अनवाणी पायाने चालून आले होते आणि पायाने मला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. महादेव कामावरून आल्यावर त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डोकं तरी आनलंस का घरला?" त्यावरही हसलो. रात्री जेवून पाटावरून उठायला गेले आणि उठताच येईना.

सकाळी महादेव आणि अक्का, दोघांनी धरून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. एरवी पाय टुणकन उडतो म्हणे. माझा ढिम्म. दुसरा तसाच. डॉक्टर म्हणाले, "जीबीएस वाटतोय." मी म्हणाले, "जीएसटीचं माहीत हाय, आता हे काय नवीन?" डॉक्टर हसले नाहीत. आजाराचं नाव ऐकून मी घाबरले नव्हते, त्यांच्या न हसण्याने घाबरले.

त्यांनी समजावलं ते मला कळलं तेवढं सांगते. पोट बिघडलं किंवा छातीत कफ झाला की शरीर त्याच्याशी लढतं. कधी कधी ते लढता लढता चुकतं आणि आपल्याच नसांवर उठतं. मला दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते. "बहुतेक लोक बरे होतात," डॉक्टर म्हणाले, "पण हे पायांकडून वर चढतं. छातीपर्यंत चढतंय का, ते बघायला लागेल." म्हणून आयसीयू.

एका दमात

आयसीयूत दर थोड्या वेळाने नर्स यायची आणि म्हणायची, "मावशी, एका दमात आकडे मोजा." श्वास किती टिकतो ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी अकरा. उभा जन्म टॉवेल मोजण्यात गेलेली बाई मी, आणि माझ्याच्याने एक डझन भरेना. मला तेव्हा मरणाची भीती वाटली. कुणी विचारलं की लोक सांगतात, मी देवावर सोडलं होतं. मी काही सोडलं नव्हतं. मी घट्ट धरून बसले होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते.

चौथ्या दिवशीही अकरा. पाचव्या दिवशी बारा. बारा म्हटल्यावर नर्सच्या आधी मीच टाळी वाजवायला गेले, पण हात पुरते वर येईनात.

सलाईनमधून औषध चालू होतं, ते पाच दिवस चाललं. बाकी काम काळावर सोडायचं होतं. त्या दिवसांतल्या दोन गोष्टी मनात राहिल्यात. एक म्हणजे सफाईला येणारी मावशी, जिने न सांगता माझे केस विंचरून दोन वेण्या घालून दिल्या. वय सत्तेचाळीस आणि दोन वेण्या. दुसरी गोष्ट लक्ष्मीअक्कांची. भेटायला आत एकच माणूस सोडायचे, तरी भांडून आत आल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एम् कादु." काही होत नाही, असा त्याचा अर्थ. एवढंच बोलून, डोळे पुसत गेल्या.

मशीन कुठे आहे

पाच आठवड्यांनी घरी आले. खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आणलं. आत येऊन बघते तर माझं मशीन जागेवर नाही. तिथे पलंग टाकलेला. मशीन मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली.

"माजं मशीन का हलवलंत?"

"पलंग कुटं टाकायचा मग?" महादेव म्हणाले. "आन् आता काय लगीच शिवाय बसनार हायस का?"

त्यांचं बरोबरच होतं, पण मला ते फार लागलं. मला वाटलं, यांनी माझा हिशेब संपवला. दोन दिवस मी बोलले नाही. हा माणूस मला उचलून मोरीत नेत होता, आंघोळ घालत होता, पोळ्या जमत नाहीत म्हणून भात-आमटी करत होता, आणि मी त्याच्याशी अबोला धरून बसले होते. आजारी माणूस गरीब होतो असं म्हणतात. मी तर खवीस झाले होते. ऋतुजा सहामाही परीक्षा बुडवून घरी राहिली, तिलाही बोलले. घरातल्या माणसांनो, अशा वेळी रुग्णाचं सगळंच मनावर घेऊ नका. आणि रुग्णांनो, जीभ हा एकच अवयव धड चालतो म्हणून त्यालाच सगळं काम देऊ नका.

पायांत ताकद हळूहळू आली. संक्रांतीला उभी राहिले. महिन्याभरात भिंत धरून चालू लागले, मग भिंत सोडून. सगळ्यांना वाटलं, झालं. एका सकाळी मोरीत उभी राहून तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि लाकूड पडावं तशी आडवी झाले.

व्यायाम घ्यायला घरी मेघा मॅडम यायच्या. अक्कलकोटकडच्या, वय तिशीच्या आत, पण शिस्त हवालदाराची. त्यांनी मला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी डुलून त्यांच्याच अंगावर गेले.

"काकू, तुमच्या पायांत ताकद आलीय, पण तळपायाचा निरोप वर पोचत नाही," त्या म्हणाल्या. "पाय कुठं पडला ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही डोळ्यांनी चालताय."

खरंच होतं. मी सतत खाली बघून चालत होते. वर बघितलं की तोल जायचा. अशा पायांनी रस्ता ओलांडता येत नाही, अंधारात उठता येत नाही आणि मशीनचं पायडल किती दाबलंय ते कळत नाही. म्हणजे आयुष्यभर कुणाचा तरी हात धरून, मान खाली घालून फिरायचं. मान खाली घालणं मला तसंही कधी जमलेलं नाही.

गच्चीवरची वाळू

मेघा मॅडमनी सांगितलं होतं की अनवाणी पायांनी वाळूत चाला, समुद्राची ओली वाळू मिळाली तर उत्तम, तळपायाला रोज काहीतरी नवं जाणवू दे. महादेवांनी त्यातला 'वाळू' हा एकच शब्द उचलला. तिसऱ्या दिवशी कारखान्यातले दोघे बरोबर घेऊन त्यांनी चाळीस घमेली वाळू गच्चीवर चढवली आणि कठड्याच्या कडेने लांबलचक पट्टा केला. "घे, समुद्र," म्हणाले.

सकाळी सहाला आम्ही त्यावर चालायचो. मी पुढे, ते मागे, त्यांचा हात माझ्या दंडाला. मला तो हात नको होता. मार्च संपत आला होता. एक दिवस ते पाळीवर गेले होते, परीक्षेसाठी हॉस्टेलवरून घरी आलेली ऋतुजा अभ्यासाला बसली होती. भर दुपारी तीन वाजता मी जिन्याचा कठडा धरून एकटी वर गेले आणि वाळूच्या पट्ट्यावर दहा येरझाऱ्या मारल्या. कुणाच्याही हाताशिवाय. फार खूश होऊन खाली आले.

ऋतुजा जिन्यात येऊन थांबली. "आई, पायऱ्यांवर ओलं कशाचं गं?"

तळपायांना फोड आले होते आणि त्यातले दोन फुटले होते. सोलापूरचं मार्चमधलं ऊन, त्यात तापलेली वाळू, आणि मी तिच्यावर आरामात फिरून आले होते. मला काहीच कळलं नव्हतं. आजाराचं नाव कळलं त्या दिवसापेक्षा हा दिवस वाईट होता. तेव्हा निदान कुणीतरी सांगितलं होतं की बरं होईल. आता मला दिसत होतं की हे पाय माझे नाहीतच. मी खूप रडले. म्हणून सांगते, पाय बधिर असतील तर ते रोज उलटून बघा, घमेलंभर वाळूवरही विश्वास ठेवू नका, आणि माझ्यासारखा हट्ट करू नका.

जखमा भरायला महिना लागला. मेघा मॅडमनी महादेवांना चांगलं झापलं. "मी समुद्राची ओली वाळू म्हणाले होते," त्या म्हणाल्या. महादेव खाली मान घालून उभे होते. मग हळूच म्हणाले, "मग जाऊ की समुद्राला."

माग आणि माणूस

ऋतुजाच्या मैत्रिणीची आत्या दापोलीच्या बाजूला समुद्राकाठी राहते आणि पाहुण्यांना खोली देते. महादेवांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा पंधरा दिवसांची सलग रजा काढली. आम्ही दोघांनीही समुद्र त्याआधी बघितलेला नव्हता.

पहिल्या दिवशी बघितला आणि माझ्या तोंडून एकच निघालं, "एवढं पानी, आन् आमच्याकडं आठवड्यातनं एकदा नळ!"

रोज सकाळी सात वाजता आम्ही निघायचो. पाण्याच्या कडेची वाळू ओली, घट्ट आणि गार असते. वर कोरड्या वाळूत पाय रुततो, तिकडे मी जात नव्हते. पहिल्या दिवशी महादेवांचा खांदा धरून पाचशे पावलं. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन सुरूच्या झाडांच्या टोकापर्यंत. पाचव्या दिवशी काठी त्यांच्या हातात आणि मी मोकळी. परतल्यावर बादलीत पाय धुऊन दोघांनी मिळून तळवे तपासायचे.

महादेव माझ्या मागून चालायचे आणि ठसे बघायचे. कापडातला दोष बघून कुठला माग बिघडलाय हे सांगणारा माणूस, त्याला माझे ठसे म्हणजे कापडच. "उजवा पाय वडतीस बग. ठसा लांबट पडतोय." मग मी उजवा पाय उचलायचे. "आता टाच पडंना." मग टाच टेकायचे. मागाला तेल देताना बोलतात त्याच आवाजात बोलायचे. मशीन हलवल्याची माझ्या मनातली अढी त्या किनाऱ्यावर कुठे गेली, कळलंही नाही. एका सकाळी चालता चालता ते म्हणाले, "तुजं मशीन मी रोज पुसत हुतो. ताडपत्रीखाली गंजंल म्हनून." मी पावलं टाकत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि रडताना खाली नीट दिसत नाही.

कारण मी अजूनही खाली बघूनच चालत होते. हे पाऊल, मग ते पाऊल. समुद्रकाठी येऊन माझी नजर स्वतःच्या अंगठ्यांवर. लाटेचं पाणी पायावरून गेलं की गार लागायचं, पण ते घोट्याला. तळवा अजून मुका होता.

आटणारा ओढा

किनाऱ्याच्या एका टोकाला एक ओढा समुद्राला मिळतो. पहिल्या दिवशी तिथपर्यंत महादेव एकटेच जाऊन आले, तेव्हा तो भरून होता. आत्यांनी सांगितलं होतं, "ओढ्यापलीकडे जायचं असेल तर मला विचारून जा हो." पुढचे काही दिवस आम्ही दोघं तिथपर्यंत जाऊ लागलो. रोज पाणी आदल्या दिवसापेक्षा कमी. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात ओढे असेच दिवसागणिक आटतात, आणि शेवटी पात्रातून फटफटी जाते. सातव्या सकाळी पाणी फक्त घोटाभर होतं. महादेव म्हणाले, "आटला की." आटलेल्या ओढ्याला आत्यांना काय विचारायचं? आम्ही ओलांडला.

पलीकडची वाळू कोरी होती. काळ्या खडकांपर्यंत दोन किलोमीटर मी न थांबता चालले. इतकं लांब मी आजारानंतर कधीच चालले नव्हते. खडकापाशी बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, आणि दुप्पट रुबाबात परत फिरलो. नऊ वाजून गेले होते.

ओढ्याच्या जागी नदी होती.

"आरं देवा," महादेव म्हणाले. "धरनातनं पानी सोडलं का काय?"

पाणी समुद्राकडून आत येत होतं, उलटं. सकाळी सातला जो ओढा आम्ही रोज बघत होतो तो आटत नव्हता. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, म्हणून त्या वेळेला पाणी रोज कमी दिसत होतं. त्या दिवशी अमावस्या, उधाणाची भरती. दुपारनंतर ते आपोआप ओसरणार होतं. हे सगळं नंतर आत्यांनी सांगितलं, रागावून, आणि अगदी बरोबर रागावल्या. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की काठावरची एक काटकी बघता बघता बुडाली आणि पाणी वाढतच चाललंय. फोन भिजेल म्हणून खोलीत ठेवलेला. मागे खडक, वरच्या बाजूला चिखल आणि केवड्याचं बन. जवळपास माणूस नाही.

"पाटकुळी बस," महादेव म्हणाले. "नेतो तुला."

ते आधी पाण्याचा अंदाज घ्यायला गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले आणि थांबले. मग मागे आले. चेहरा पांढरा पडला होता.

"मला पवाय येत न्हाई गं," ते म्हणाले.

"मला तरी कुटं येतंय?"

"न्हाई, तसं न्हाई. मला भ्या वाटतंय."

एवढ्या आजारपणात हा माणूस एकदाही असं बोलला नव्हता. आयसीयूच्या दारातसुद्धा नाही. मला त्यांची फार माया आली, आणि त्याच वेळी हेही कळलं की आज हे मला उचलून नेणार नाहीत.

मी पाण्याकडे बघितलं. चहाच्या रंगाचं, गढूळ. त्यात पाय टाकला की दिसणार नाही. वीसेक पावलांचं अंतर, मध्यावर पाणी मांडीपर्यंत तरी असावं, आणि माझ्याकडे चालायला डोळेच तेवढे होते.

मी साडी वर खोचली आणि त्यांचा हात धरला. "माज्याकडं बगा," मी म्हणाले. "पान्याकडं बगू नका. माज्या तोंडाकडं बगा."

ते बघत होते, म्हणून मलाही त्यांच्याकडेच बघावं लागलं. आम्ही आडवे, तोंडाला तोंड करून, खेकड्यासारखे सरकत निघालो. एक पाऊल. पाणी गुडघ्यावर. दुसरं. मी बोलत राहिले, काय बोलत होते आठवत नाही, बहुतेक त्यांच्या कारखान्याच्या मालकाला नावं ठेवत होते. मध्यावर पाण्याने दोघांना रेटा दिला. टाचेखालची वाळू सरकली. मी बोटं रोवली, वजन डावीकडे घेतलं आणि उभी राहिले. पुढच्या पावलाला काहीतरी धारदार टोचलं, शिंपला असेल, मी पाय उचलून बाजूला ठेवला. मग पाणी उतरू लागलं. गुडघे दिसले. घोटे दिसले.

काठावर चढून दोघंही धापा टाकत उभे राहिलो. महादेवांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "तू एकदाबी खाली बगितलं न्हाईस."

वाळू सरकलेली मला कळली होती. शिंपला टोचलेला कळला होता. कुणी सांगितलं नव्हतं, मी बघितलं नव्हतं, पायांनीच सांगितलं होतं. मी तिथे उभी राहून मोठ्याने रडले, आणि या रडण्याची मला जराही लाज वाटली नाही.

महादेवांनी माझा हात अजून घट्ट धरला होता.

"सोडा की आता," मी म्हणाले.

ते सोडेनात. मग मीच हात सोडवून घेतला आणि समोर बघत चालू लागले.